निकाल न लिहिलेला खटला

१९८६ सालची गोष्ट. बीबीसीच्या एका विज्ञानकथा मालिकेचे चित्रीकरण चालू होते. आजवर प्रत्येक संकटात आपल्या सहप्रवासिनीसाठी जीव धोक्यात घालणारा नायक या कथेत अचानक तिच्यावरच उलटतो, तिला खडकाला साखळदंडांनी बांधून दरडावतो, असा प्रसंग होता. नायकाची भूमिका करणारे कॉलिन बेकर यांना प्रश्न पडला. नायक खरोखरच भ्रमिष्ट झाला आहे, की शत्रूला फसवण्यासाठी सोंग करतो आहे, की पडद्यावर दिसते आहे ते मुळात घडलेलेच नाही आणि कुणीतरी रचलेला खोटा पुरावा आपण पाहतो आहोत? तिन्ही शक्यता कथेत होत्या आणि तिन्हींसाठी अभिनय वेगळा करावा लागणार होता. त्यांनी लेखकाला विचारले, तेव्हा लेखकाने पटकथा-संपादकाकडे बोट दाखवले. पटकथा-संपादकाला विचारले, तर त्याने लेखकाकडे. ही हकिगत बेकर यांनी पुढे अनेक मुलाखतींतून सांगितली आहे. उत्तर कुणाकडेच नव्हते. चित्रीकरण मात्र ठरल्या तारखांना पार पडले.

ही मालिका म्हणजे 'डॉक्टर हू' आणि हे तिचे तेविसावे पर्व, 'द ट्रायल ऑफ अ टाइम लॉर्ड'. या पर्वाच्या पडझडीची कारणे सांगताना पैशाची टंचाई, हिंसाचाराचा आरोप, वाहिनीप्रमुखांची नाराजी, नायकाचा भडक पोशाख अशी यादी दिली जाते. त्यातले प्रत्येक कारण थोडेफार खरे आहे. पण पडद्यावर जे विस्कटलेले दिसते, त्याच्या मुळाशी वेगळीच गोष्ट आहे. चौदा भागांची एक सलग कथा सुरू झाली, तेव्हा तिचा शेवट नेमका काय हे कागदावर उतरलेले नव्हते. ज्यांच्या डोक्यात तो होता, त्यांतला एक जण वारला आणि दुसरा सोडून गेला.

बदलत राहणारा नायक

आपल्याकडे दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' पाहिलेली पिढी आहे, पण 'डॉक्टर हू' तितकीशी घरोघर पोहोचली नाही. म्हणून थोडी ओळख करून द्यायला हवी. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, शनिवारी संध्याकाळी, बीबीसीवर तिचा पहिला भाग दाखवला गेला. नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांची मूळ कल्पना, व्हेरिटी लँबर्ट ही तरुण निर्माती आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन. हे हुसेन मूळचे लखनौचे, लेखिका अत्तिया हुसेन यांचे चिरंजीव. कथेचा नायक 'डॉक्टर' या एवढ्याच नावाने ओळखला जाणारा परग्रहवासी. निळ्या पोलीस पेटीसारख्या दिसणाऱ्या टार्डिस नावाच्या यानातून तो काळात आणि अवकाशात कुठेही जातो, सोबत एखादी-दुसरी माणसे असतात आणि जिथे उतरेल तिथे अन्यायाशी दोन हात करतो.

१९६६ मध्ये पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांना प्रकृतीमुळे काम झेपेना. तेव्हा लेखकमंडळींनी असा तोडगा काढला, की मरणाच्या दारात पोहोचलेला डॉक्टर आपले शरीर नव्याने घडवू शकतो. चेहरा बदलतो, स्वभावाचा पोत बदलतो, पण माणूस तोच राहतो. पॅट्रिक ट्रॉटन दुसरे डॉक्टर झाले आणि मालिकेला न संपण्याची वाट सापडली. पुढे टॉम बेकर यांच्या काळात, १९७५ च्या आसपास, प्रेक्षकसंख्या आठवड्यामागून आठवडे एक कोटीच्या घरात असे.

नट बदलत राहिल्यामुळे मालिकेचा खरा कणा पडद्यामागे होता. तिथे दोन खुर्च्या महत्त्वाच्या. निर्मात्याने पैसा, माणसे आणि वेळापत्रक सांभाळायचे. पटकथा-संपादकाने लेखक शोधायचे, त्यांच्याकडून वेळेत लिखाण काढायचे आणि एका कथेचा दुसरीशी सांधा जुळवायचा. दोघांचे जमले की मालिका बहरते. १९७० च्या दशकाच्या मध्यावर निर्माते फिलिप हिंचक्लिफ आणि पटकथा-संपादक रॉबर्ट होम्स यांनी ते दाखवून दिले होते. यातले होम्स आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहेत.

सहावा डॉक्टर

१९८० पासून निर्मात्याच्या खुर्चीत जॉन नेथन-टर्नर होते. प्रसिद्धीची उत्तम जाण असलेला, वेळ आणि पैसा यांचा हिशेब चोख ठेवणारा हा माणूस. एरिक सेवर्ड हे त्यांचे पटकथा-संपादक. १९८४ मध्ये कॉलिन बेकर सहावे डॉक्टर झाले. त्यांना स्वतःला काळ्या मखमलीचा साधा, गूढ वाटणारा पोशाख हवा होता. नेथन-टर्नर यांनी मुद्दाम अभिरुचीहीन दिसेल असा, लाल-पिवळ्या-हिरव्या तुकड्यांचा झगमगीत कोट करून घेतला. कल्पना अशी होती, की हा डॉक्टर सुरुवातीला उद्धट, चिडखोर, नकोसा वाटावा आणि हळूहळू त्याच्या आतला माणूस उलगडत जावा.

कल्पना वाईट नव्हती, पण तिला वेळ आणि बेत दोन्ही लागतात. बेकर यांच्या पहिल्याच कथेत, 'द ट्विन डायलेमा'मध्ये, नव्याने शरीर धारण केलेला डॉक्टर वेडाच्या झटक्यात आपल्या सहप्रवासिनीचा, पेरीचा गळा आवळतो. ही कथा पर्वाच्या अगदी शेवटी दाखवली गेली. ३० मार्च १९८४ ला ती संपली आणि पुढचे पर्व उजाडले ५ जानेवारी १९८५ ला. म्हणजे नव्या नायकाची तीच प्रतिमा मनात घेऊन प्रेक्षक नऊ महिने बसून राहिला. उलगडणारा नायक दाखवायचा, तर उलगडण्याची पहिली खूण तरी लगेच द्यायला हवी होती.

बाविसाव्या पर्वात प्रत्येकी ४५ मिनिटांचे तेरा भाग झाले. त्यात अॅसिडचे हौद होते, विषप्रयोग होते आणि हाताने चिरडलेले हात होते. यावर टीका झाली आणि ती सगळीच खोटी नव्हती. मात्र याच पर्वातल्या फिलिप मार्टिन यांच्या 'व्हेंजन्स ऑन व्हॅरोस' या कथेचा विषयच मुळी पडद्यावरची हिंसा हा आहे. तिथली प्रजा घरी बसून छळ आणि मृत्युदंड करमणूक म्हणून पाहते आणि बटण दाबून राज्यकर्त्याच्या जगण्या-मरण्यावर मत देते. वास्तवदर्शी कार्यक्रमांची लाट येण्याच्या कितीतरी आधी लिहिलेली ही कथा आज पाहिली तर दचकायला होते. मालिकेत धाडस आणि बुद्धी शिल्लक होती, याचा हा पुरावा.

फेब्रुवारी १९८५

१९८४ मध्ये मायकेल ग्रेड बीबीसीच्या पहिल्या वाहिनीचे प्रमुख झाले. 'डॉक्टर हू' त्यांना मनापासून नावडे आणि ते त्यांनी पुढे जाहीरपणे अनेकदा सांगितले. शिवाय वाहिनीला पैशाची गरज होती. 'ईस्टएंडर्स' ही नवी मालिका १९ फेब्रुवारी १९८५ ला सुरू झाली होती आणि दिवसभराचे प्रक्षेपण सुरू करण्याची तयारी चालली होती. फेब्रुवारीच्या अखेरीस बातमी फुटली, की पुढचे पर्व ठरल्या वेळी होणार नाही. वर्तमानपत्रांनी ती पहिल्या पानावर घेतली. चाहत्यांनी निषेध केला. मार्चमध्ये 'डॉक्टर इन डिस्ट्रेस' नावाचे एक गाणेही काढले, ज्याचे उत्पन्न कर्करोग-मदतीसाठी होते आणि जे तयार करण्यात पुढे ख्यातनाम झालेले संगीतकार हान्स झिमर यांचाही हात होता. गाणे फारसे कुणाला आवडले नाही. पण ओरड झाल्यामुळे बीबीसीला सांगावे लागले, की मालिका बंद होत नाही, फक्त लांबणीवर पडली आहे.

या निर्णयाची एक खूण पडद्यावरच उरली आहे. मार्चच्या ३० तारखेला दाखवलेल्या शेवटच्या भागात डॉक्टर पेरीला आता कुठे नेणार हे सांगतो, त्या वाक्यातला शेवटचा शब्द 'ब्लॅकपूल' हा होता. पुढची कथा तिथेच घडायची होती. ती कथा आता होणारच नव्हती. म्हणून बेकर यांच्या ओठांवर तो शब्द येत असतानाच चित्र गोठवले गेले.

ज्या कथांचे लिखाण बरेच पुढे गेले होते, त्या बाजूला ठेवल्या गेल्या. त्यांतल्या तीन पुढे कादंबरीरूपाने प्रसिद्ध झाल्या. मालिका परतली ती जवळजवळ अठरा महिन्यांनी, आणि तीही कमी करून. आधीच्या पर्वाला ४५ मिनिटांचे तेरा भाग, म्हणजे पावणेदहा तास मिळाले होते. नव्या पर्वाला २५ मिनिटांचे चौदा भाग मिळाले, म्हणजे सहा तासही नाहीत. सोबत सूचना आली, की हिंसा कमी करा आणि विनोद वाढवा.

खटल्याची कल्पना

मालिकेवर टांगती तलवार असताना नेथन-टर्नर आणि सेवर्ड यांनी नायकालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे ठरवले. डॉक्टरच्याच जातीचे टाइम लॉर्ड त्याला धरून आणतात आणि दुसऱ्यांच्या जगात ढवळाढवळ केल्याचा आरोप ठेवतात. चौदाही भाग म्हणजे एकच खटला. डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल'प्रमाणे त्यात भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य असे तीन पुरावे येणार. पहिल्या चार भागांत सरकारी वकील डॉक्टरच्या भूतकाळातले एक प्रकरण पडद्यावर दाखवतो, पुढच्या चारांत नुकतेच घडून गेलेले. त्यानंतरच्या चार भागांत डॉक्टर स्वतःच्या भविष्यातले प्रकरण बचावासाठी सादर करतो. शेवटचे दोन भाग निकालाचे.

पहिले दृश्य आजही पाहण्यासारखे आहे. अंधारातून एक अवाढव्य अवकाशस्थानक पुढे येते. त्याचे मनोरे आणि प्रकाशित खिडक्या यांवरून कॅमेरा संथपणे फिरतो. वीज कडाडते, स्थानकातून एक प्रकाशझोत निघतो आणि इवलीशी निळी पेटी त्यात सापडून आत ओढली जाते. जेमतेम पाऊण मिनिटाच्या या दृश्यासाठी लहान प्रतिकृती बांधून संगणकाने चालवलेला कॅमेरा वापरला होता आणि त्यावर ८,००० पौंडांहून अधिक खर्च झाला. पुठ्ठ्याच्या भिंतींवरून हिणवल्या जाणाऱ्या या मालिकेत तोवर असे काही दिसले नव्हते.

कल्पनेत एक अवघड जागा होती आणि तिथेच सगळे अडकले. कोर्टात दाखवलेला पुरावा खोटाही असू शकतो, असे डॉक्टर वारंवार म्हणतो. ही युक्ती रहस्यकथेची आहे. रहस्यकथा लिहिणारा आधी खून कुणी केला हे ठरवतो आणि मग मागे येऊन धागेदोरे पेरतो. पुराव्यातला कोणता प्रसंग खरा, कोणता बनावट आणि तो कुणी का बनवला, हे पहिल्या भागाचे चित्रीकरण होण्याआधी ठरलेले असायला हवे होते. इथे चार वेगवेगळ्या तुकड्या वेगवेगळ्या लेखकांना दिल्या गेल्या. जोडणी पुढे होईल, हा भरवसा. ती करणार होते रॉबर्ट होम्स. पहिली आणि शेवटची कथा त्यांच्याकडे होती.

होम्स

'डॉक्टर हू'च्या लेखकांत होम्स यांचे स्थान पहिल्या रांगेतले. १९६८ पासून ते मालिकेसाठी लिहीत होते. सोंटारन आणि ऑटन हे शत्रू त्यांनी निर्माण केले. टाइम लॉर्डला बाराच वेळा नवे शरीर घेता येते हा नियमही त्यांच्या 'द डेडली असॅसिन'मधूनच आला. १९८४ ची 'द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी' ही त्यांची कथा मालिकेतल्या सर्वोत्तम कथांमध्ये गणली जाते.

त्यांनी सांगितल्याप्रमाणे पहिले चार भाग हलक्याफुलक्या अंगाने लिहिले. रॅव्होलॉक्स नावाच्या ग्रहावर डॉक्टरला जमिनीखाली लंडनच्या भुयारी रेल्वेचे स्थानक सापडते. हा ग्रह म्हणजे दोन प्रकाशवर्षे सरकवलेली पृथ्वीच आहे. ती कुणी आणि का सरकवली, हे पर्वाचे मूळ रहस्य. त्यात दोन भामटे आहेत, बोलघेवडी जोडी, होम्स यांच्या खास ठेवणीतली. पण नाट्यविभागाचे जोनाथन पॉवेल यांनी या पटकथांवर लांबलचक, कठोर टिपण पाठवले. तक्रारींत एक अशी होती, की विनोद जास्त झाला. विनोद वाढवा हा आदेश वरूनच आला होता. होम्स यांची प्रकृती तेव्हा आधीच ढासळली होती आणि ते टिपण त्यांना फार लागले, असे त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांनी सांगितले आहे.

त्या टिपणाने नुकसान दोन्हीकडून केले. लिहिणाऱ्याचा हुरूप गेला आणि संपादकाचा वेळ दुरुस्त्यांत गेला. शेवटच्या दोन भागांचा आराखडा पक्का करण्याचे दिवस पहिल्या चार भागांच्या डागडुजीत संपले. वरिष्ठांनी पटकथा वाचू नये असे कुणी म्हणणार नाही. पण एकाच संस्थेतून दोन दिशांच्या सूचना येऊ लागल्या, की लेखक प्रेक्षकासाठी लिहायचे सोडून वरच्या मजल्यासाठी लिहू लागतो.

पेरीचा मृत्यू

दुसरी तुकडी फिलिप मार्टिन यांची. सुरुवातीला सांगितलेला खडकावरचा प्रसंग याच कथेतला. तिच्यात डॉक्टरच्या वागण्याचा अर्थ लागत नाही, हा दोष उघड आहे. तरीही संपूर्ण पर्वातला सर्वांत जोरकस क्षण याच कथेच्या शेवटी येतो. पेरीच्या शरीरात किव्ह नावाच्या परग्रहवासी धनदांडग्याचे मन घालण्याची शस्त्रक्रिया होते. डोके भादरलेली पेरी (निकोला ब्रायंट) टेबलावर उठून बसते. चेहरा पेरीचाच, पण आवाज आणि नजर दुसऱ्याचीच. डॉक्टरला ऐन वेळी तिथून उचलून कोर्टात आणलेले असते, त्यामुळे तो काहीही करू शकत नाही. पडद्यावर तो हे पाहतो. बेकर यांचा चेहरा हळूहळू दगडासारखा होत जातो. तोवर उगाच बडबड करणारा नायक या एका ठिकाणी पूर्ण गप्प होतो आणि तेव्हा कळते, की या नटाच्या हातात नीट लिहिलेली पटकथा पडली असती तर काय झाले असते.

शेवटच्या भागात मात्र कळते, की तो पुरावा बनावट होता. पेरी जिवंत आहे आणि इर्कानोस या रांगड्या योद्धा राजाची राणी झाली आहे. हे दोन-तीन वाक्यांत आणि एका गुलाबी चौकटीतल्या चित्रात उरकले जाते. ज्या धक्क्यासाठी सगळी कथा उभी केली, तोच काढून घेतला गेला.

तिसऱ्या तुकडीसाठी तर लेखकच सापडेना. आधी क्रिस्टोफर बिडमेड यांची कथा नाकारली गेली, मग पी. जे. हॅमंड यांची. इतरही प्रयत्न फसले. शेवटी पिप आणि जेन बेकर या लेखक दांपत्याने एका अवकाशजहाजावरची खूनकथा झटपट लिहून दिली. त्यातूनच मेल ही नवी सहप्रवासिनी आली, पण ती आली डॉक्टरच्या भविष्यातून. म्हणजे डॉक्टरची आणि तिची पहिली भेट प्रेक्षकाने कधी पाहिलीच नाही. खटला संपल्यावर डॉक्टर तिला बरोबर घेऊन निघून जातो, वास्तविक त्याच्या आयुष्यात तिची ओळख अजून व्हायची आहे. चाहते गेली कित्येक वर्षे ही गाठ सोडवत बसले आहेत. बचावासाठी दिलेल्या याच कथेत डॉक्टर वनस्पतीपासून बनलेली एक अख्खी जात नष्ट करतो आणि त्यावरून त्याच्यावर वंशसंहाराचा नवा आरोप लागतो. ही कलाटणी छान आहे, फक्त पुढे तिचे काहीच केलेले नाही.

चौदावा भाग

एप्रिल १९८६ मध्ये एरिक सेवर्ड यांनी राजीनामा दिला. नेथन-टर्नर यांच्याशी त्यांचे बरेच दिवस पटत नव्हते. २४ मे १९८६ रोजी रॉबर्ट होम्स वारले. तेराव्या भागाचे लिखाण त्यांनी केले होते, चौदावा लिहून व्हायचा होता. होम्स यांच्याबद्दलच्या आदरापोटी सेवर्ड यांनी त्यांच्याशी झालेल्या चर्चेनुसार चौदावा भाग लिहून दिला. सरकारी वकील व्हेलयार्ड हा दुसरातिसरा कुणी नसून डॉक्टरच्याच भविष्यातला काळाकुट्ट अंश आहे, हे तेराव्या भागात उघड झालेले असते. सेवर्ड यांच्या शेवटात ते दोघे एकमेकांना भिडतात आणि काळाच्या विवरात अडकतात. कोण जगले, कोण मेले हे न सांगता पर्व संपते. शेरलॉक होम्स आणि मोरियार्टी यांच्या रायखेनबाख धबधब्यावरच्या झटापटीची आठवण व्हावी असा तो शेवट होता.

नेथन-टर्नर यांनी तो नाकारला. बीबीसीला मालिका बंदच करायची असेल, तर नायकाला विवरात लटकत ठेवणे म्हणजे त्यांच्या हातात आयते निमित्त देणे, असा त्यांचा विचार होता. सेवर्ड यांचे म्हणणे असे, की हा होम्स यांचा शेवट आहे, तो बदलता येणार नाही. माझ्या मते दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. एक जण गोष्टीचा विचार करत होता आणि दुसरा मालिकेच्या अस्तित्वाचा. हा वाद पहिल्या भागाआधी झाला असता, तर त्यातून मार्ग निघाला असता. तो झाला चित्रीकरण तोंडावर आल्यावर. सेवर्ड यांनी आपली पटकथा परत घेतली.

आता प्रसंग बाका होता. नट ठरले होते, नेपथ्य तयार होते. स्टोक-ऑन-ट्रेंटमधले एक जुने चिनीमाती कारखान्याचे संग्रहालय आणि कॅम्बर सँड्सचा वाळूचा किनारा ही स्थळे निश्चित झाली होती. वेळापत्रक असे, की तेरावा आणि चौदावा भाग नऊ ते बारा भागांच्याही आधी चित्रित व्हायचा होता. नेथन-टर्नर यांनी पुन्हा पिप आणि जेन बेकर यांना बोलावले. त्यांच्या हातात तेराव्या भागाची पटकथा दिली आणि सांगितले, यापुढचा भाग लिहा. पण आधीच्या चौदाव्या भागात काय होते ते सांगता येत नव्हते. ती पटकथा सेवर्ड यांची होती आणि तिच्यातले काहीही उतरले तर कायद्याचा प्रश्न आला असता. म्हणून बैठकीला वकील हजर ठेवला गेला, चुकूनही एखादी गोष्ट तोंडातून जाऊ नये यासाठी.

तेरावा भाग संपतो तो असा: ओसाड किनाऱ्यावर वाळूतून माणसांचे हात बाहेर येतात आणि डॉक्टरला खाली ओढू लागतात. बेकर दांपत्याला इथून सुरुवात करायची होती. ते हात कुणाचे, ही भूमी कसली, चौदा आठवड्यांचा हा खटला कशासाठी, हे सगळे त्यांनी काही दिवसांत स्वतः ठरवले. भाग लांबला, २५ मिनिटांत मावेना, म्हणून सुमारे अर्ध्या तासाचा करण्याची परवानगी काढली गेली. या दांपत्याच्या लांबलचक संवादांची अनेकांनी थट्टा केली आहे. पण ज्या अटींवर त्यांनी काम केले त्या पाहता भाग उभा राहिला हेच मोठे काम होते.

त्यांच्या उत्तरात एक गोष्ट अचूक आहे, आणि तिचे बीज होम्स यांनी पेरलेले आहे. शेवटी कळते, की गुन्हेगार डॉक्टर नाही. टाइम लॉर्डांच्या सर्वोच्च मंडळानेच आपले गुपित लपवण्यासाठी पृथ्वी सरकवली आणि खटल्याचा बनाव रचून दोष डॉक्टरच्या माथी मारला. न्यायासनच आरोपी ठरते.

शिक्षा कुणाला

पर्व ६ सप्टेंबर ते ६ डिसेंबर १९८६ या काळात दाखवले गेले. आधीच्या पर्वाला सरासरी सुमारे ७१ लाख प्रेक्षक होते, या पर्वाला सुमारे ४८ लाख. चौथ्या भागाला तर ३७ लाखच. अठरा महिने सवय मोडली, की प्रेक्षक परत आणणे किती कठीण असते ते या आकड्यांतून कळते. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. शेवटचा, घाईत लिहिलेला भाग ५६ लाख लोकांनी पाहिला. पर्वातला तो सर्वाधिक आकडा होता. लोकांना निकाल ऐकायचा होता.

बीबीसीने पुढच्या पर्वाला मंजुरी दिली, पण कॉलिन बेकर यांना काढण्याच्या अटीवर. ज्यांनी टॉम बेकर यांच्याहून अधिक वर्षे ही भूमिका करण्याची इच्छा बोलून दाखवली होती, त्यांची पडद्यावरची कारकीर्द तिथेच संपली. त्यांच्या तोंडचे शेवटचे शब्द गाजराच्या रसाबद्दलचे आहेत, कारण हा आपला शेवटचा प्रसंग आहे हे कुणालाच माहीत नव्हते. रूपांतराच्या एका कथेपुरते परत या, असा निरोप आला, तेव्हा त्यांनी पूर्ण पर्व मागितले. ते मिळाले नाही. १९८७ मध्ये नवे डॉक्टर सिल्व्हेस्टर मॅकॉय यांना बेकर यांचा कोट आणि कुरळ्या केसांचा टोप घालून जमिनीवर पालथे झोपवले आणि मग त्यांचा चेहरा दाखवला. नेथन-टर्नर यांनाही मालिका सोडायची होती, पण त्यांना जाऊ दिले नाही. मालिका १९८९ च्या डिसेंबरात थांबली. १९९६ च्या एका दूरचित्रपटाचा अपवाद सोडला, तर ती पडद्यावर परतली २६ मार्च २००५ ला, रसेल टी. डेव्हिस यांच्या हातून. पुढे डेव्हिस यांनी पर्वे बांधताना शेवटाचे धागे पहिल्या भागापासून पेरण्याची पद्धत ठेवली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

कॉलिन बेकर यांना न्याय मिळाला तो आवाजातून. १९९९ पासून 'बिग फिनिश' या संस्थेने 'डॉक्टर हू'ची श्राव्यनाट्ये काढायला सुरुवात केली. तिथे रंगीत कोट दिसत नव्हता आणि पटकथा पूर्ण असत. त्यांचा डॉक्टर तिथे विनोदी, कनवाळू आणि गंभीर असा तिन्ही अंगांनी फुलला. १९८४ मध्ये ठरवलेला तो उलगडणारा नायक अखेर पंधरा वर्षांनी ऐकायला मिळाला. नट तोच होता.

म्हणून या पर्वाचा निकाल द्यायचा तर तो असा. अपुरा वेळ, परस्परविरोधी आदेश आणि एकमेकांशी न बोलणारी दोन माणसे हे तिन्ही घाव सोसूनही कथा तगली असती, जर तिचा शेवट सुरुवातीलाच लिहून ठेवला असता. तो लिहून घेणे ही निर्मात्याची आणि पटकथा-संपादकाची जबाबदारी होती आणि त्यासाठी लागणारी स्वस्थता देणे ही बीबीसीची. नटाची यात कुठेच नव्हती. शिक्षा मात्र त्यालाच झाली.

'द ट्रायल ऑफ अ टाइम लॉर्ड' आज सहज पाहायला मिळते. सगळे चौदा भाग सलग पाहायची गरज नाही. पहिल्या भागाचे पहिले मिनिट, आठव्या भागाचा शेवट आणि तेरावा भाग एवढे अवश्य पाहा. आणि यापुढे एखादी दीर्घ मालिका मध्येच भरकटलेली दिसली, तर नायकाला दोष देण्याआधी श्रेयनामावलीत लेखक आणि पटकथा-संपादकांची नावे किती वेळा बदलली आहेत ते मोजा.